आठवण कोणाकडे? जुन्या सीएनसी लेथच्या स्मृतीची दोनशे वर्षे

१/
भोसरी, शिरोली किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एखाद्या लहान शेडमध्ये आजही तीस-पस्तीस वर्षांचा सीएनसी लेथ काम करताना दिसतो. रंग उडालेला असतो, दरवाजाची काच तेलाने पिवळी पडलेली असते. एके दिवशी त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात तीन अक्षरे लुकलुकू लागतात: बी, ए, टी. आतली बॅटरी उतरत आहे, एवढाच त्यांचा अर्थ. या तीन अक्षरांमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/
त्या सूचनेकडे दुर्लक्ष झाले आणि वीज बंद असताना बॅटरी संपली, तर दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होते, पण त्याला काहीही आठवत नसते. आपला अक्ष किती लांब सरकतो, कोठे थांबायचे, स्क्रूची झीज किती, कालचा जॉब कोणता, सारे पुसलेले असते. तीन-चार टनांचे ओतीव लोखंड शाबूत असते. स्मृती मात्र साध्या सेलच्या आधारावर उभी असते. यंत्राच्या स्वभावात हा विरोधाभास आला कोठून?

३/
आरंभी लेथला स्मृती नव्हती. मराठीत कातकाम करणाऱ्याला 'कातारी' हा जुना शब्द आहे. त्याच्या लेथवर लाकूड फिरे आणि पटाशी हातात असे. किती दाबायचे, कोठे उचलायचे, गोलाई कधी पुरी झाली, हे सर्व मनगटाला ठाऊक असे. कारागीर गेला की त्याच्याबरोबर कामाची आठवणही जाई. शिष्याने वर्षानुवर्षे शेजारी बसून ती उचलली असेल, तरच ती उरे.

४/
धातूच्या कामात या स्थितीला मोठा धक्का दिला तो इंग्लंडमधील हेन्री मॉड्स्ले (१७७१–१८३१) याने. कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यात तो प्रमुख कारागीर होता. आठवड्याला ३० शिलिंगांहून अधिक वेतन मागितले, ते नाकारले गेले, म्हणून १७९७ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. तेथे १८०० च्या सुमारास त्याचा आटे पाडणारा लेथ सिद्ध झाला.

५/
आटे पाडणारा लेथ बनवणारा मॉड्स्ले पहिला नव्हे. जेसी रॅम्सडेनसारख्या उपकरणकारांनी त्याच्या आधी असे प्रयत्न केले होते. मॉड्स्लेचे श्रेय तीन गोष्टी एकत्र आणण्यात आहे: भक्कम धातूचा सांगाडा, हत्यार घट्ट धरून सरकणारा स्लाइड रेस्ट आणि त्याला पुढे नेणारा अचूक लीड स्क्रू. हत्यार हातातून सुटले आणि स्क्रूच्या स्वाधीन झाले. हातातली आठवण लोखंडात उतरण्याचा हा पहिला निर्णायक टप्पा होय.

६/
लीड स्क्रू ही एका अर्थी स्मृतीच आहे. त्याच्या आट्यांचे अंतर कामावर उमटते. दहा नग केले तरी दहांवर तेच. तथापि स्मृतीबरोबर तिचे दोषही उमटतात. स्क्रूमध्ये चूक असेल तर ती प्रत्येक नगात उतरते, आणि स्क्रू झिजला की ही स्मृती विटते. म्हणजे देखभाल ही गोष्ट लेथच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून स्मृतीशी बांधलेली आहे.

७/
पुढचा टप्पा अमेरिकेत आला. स्पेन्सर रायफलमुळे ओळखला जाणारा क्रिस्टोफर स्पेन्सर याने १८७३ साली स्वयंचलित लेथ बनवला. एका मोठ्या पिंपावर पट्ट्या बसवलेल्या होत्या. पिंप फिरे तशा त्या पट्ट्या तरफा ढकलत आणि हत्यारे आपापल्या वेळी पुढे-मागे होत. त्या पिंपाला 'मेंदूचे चाक' असे नाव पडले. पट्ट्या बदलल्या की काम बदले. नशीब असे की, पेटंटच्या मसुद्यात नेमके हेच चाक नीट झाकले गेले नाही आणि इतरांनी ती कल्पना मुक्तपणे उचलली.

८/
कॅमच्या या यंत्रांनी स्क्रू, नट, शिवणयंत्राचे सुटे भाग लाखोंनी बनवले. पण एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी नवे कॅम घडवावे लागत. हजारो नगांसाठी हा खर्च परवडे. वीस नगांसाठी नव्हे. स्मृती आता टिकाऊ होती, पण ती बदलणे महाग होते. स्वस्तात बदलता येईल अशी स्मृती ही विसाव्या शतकाची गरज ठरली.

९/
१९४० च्या दशकात मिशिगनमधील जॉन पार्सन्स (१९१३–२००७) हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचा वक्र आकार तपासण्यासाठी अचूक साचे हवे होते. त्याचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने छिद्रपत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्राने त्या वक्रावरील बिंदू काढले. मग मिलिंग यंत्रापाशी एक जण आकडे मोठ्याने वाची आणि दोघे जण एकेक अक्ष त्या आकड्यावर आणत. पार्सन्सच्या मनात प्रश्न आला: हे आकडे यंत्रालाच का वाचता येऊ नयेत?

१०/
१९४९ साली अमेरिकी हवाई दलाने त्याला कंत्राट दिले. पार्सन्सने नियंत्रणाचे काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे सोपवले. सप्टेंबर १९५२ मध्ये तेथे संख्यात्मक नियंत्रणाचे, म्हणजेच एनसीचे, मिलिंग यंत्र जगापुढे चालवून दाखवले गेले. आज्ञा कागदी फितीवरील छिद्रांत होत्या आणि त्या वाचणारे विद्युत्मंडल शेकडो निर्वात नलिकांचे होते. पहिले यंत्र लेथ नव्हते, मिलिंग होते. पण हीच पद्धत लवकरच लेथवर आली.

११/
या गोष्टीची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. १९४६-४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये एक निराळी पद्धत विकसित झाली होती. कुशल कारागिराने पहिला नग हाताने करायचा. त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या. पुढचे नग यंत्राने ती फीत वाजवून करायचे. येथे आज्ञेचा उगम कारागिराच्या हातात होता, कार्यालयातल्या गणितात नव्हता. ही पद्धत चालली, पण फोफावली नाही.

१२/
असे का झाले? इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात मांडले की, ही निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. एनसीमुळे कामाचे ज्ञान शॉप फ्लोअरवरून उचलून व्यवस्थापनाच्या टेबलावर नेता येत होते, आणि व्यवस्थापनाला ते हवे होते. या मांडणीवर वाद झाले. विमानांचे गुंतागुंतीचे वक्र हाताने करून नोंदवणे अशक्य होते, हा प्रतिवादही वजनदार आहे. तरी नोबल यांचा मूळ प्रश्न उरतोच: कामाची आठवण कोणाच्या ताब्यात?

१३/
हाच प्रश्न एका कादंबरीकारालाही भिडला होता. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरी केलेल्या कर्ट व्हॉनेगट याची 'प्लेअर पियानो' ही पहिली कादंबरी १९५२ सालचीच, म्हणजे एमआयटीच्या प्रात्यक्षिकाच्या वर्षातली. तिच्यात एका लेथवाल्याच्या हातांच्या हालचाली फितीवर नोंदवल्या जातात आणि मग त्याचीच गरज संपते. शॉपमध्ये काय चालले आहे, याची चाहूल साहित्याला लागली होती.

१४/
छिद्रांची फीत तीनेक दशके टिकली. एक इंच रुंद, रुंदीत आठ छिद्रांच्या जागा, दर इंचाला दहा अक्षरे. फीत इतिहासजमा झाली, पण तिचे अवशेष आजच्या यंत्रांत जिवंत आहेत. प्रोग्रॅमच्या आरंभी आणि अखेरीस येणारे टक्क्याचे चिन्ह ही फीत थांबवण्याची खूण होती. 'एम ३०' या आज्ञेचा मूळ अर्थ 'काम संपले, फीत परत गुंडाळ' असा. जुन्या कंट्रोलच्या माहितीपत्रकात स्मृतीची क्षमता चक्क मीटरमध्ये लिहिलेली आढळते: '८० मीटर', म्हणजे सुमारे ३२ किलोबाइट.

१५/
स्मृतीला फितीवरून यंत्राच्या पोटात नेण्यात जपानचा वाटा मोठा. फुजित्सू कंपनीत सेइउएमोन इनाबा यांच्या नेतृत्वाखालील चमूने १९५६ साली एनसी नियंत्रण बनवले. १९७२ साली त्या विभागाची स्वतंत्र कंपनी झाली. तीच पुढे फॅनुक या नावाने जगभर पोहोचली. त्याआधी १९७१ साली इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला होता, आणि त्याचाही जन्म एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या मागणीतून झाला होता.

१६/
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोप्रोसेसर कंट्रोलमध्ये शिरला आणि एनसीचे सीएनसी झाले. प्रोग्रॅम आता यंत्राच्या चिपमध्ये राहू लागला आणि पॅनेलसमोर उभे राहून बदलता येऊ लागला. नोबल यांच्या प्रश्नाला येथे एक अनपेक्षित वळण मिळते. फीत कार्यालयात छिद्रित होत असे. चिपमधला प्रोग्रॅम मात्र ऑपरेटरच्या बोटाशी आला. मोठ्या कारखान्यांनी तो कुलपाच्या किल्लीने बंद ठेवला. छोट्या शॉपमध्ये कुलूप लावणारा, प्रोग्रॅम लिहिणारा आणि जॉब चढवणारा बहुधा एकच माणूस होता.

१७/
महाराष्ट्राचे लेथशी नाते याहून जुने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. याच घराण्याने १९४१ साली हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना काढला. तेथले लेथ देशभरच्या वर्कशॉपांत पोहोचले. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नाशिक येथे मोठ्या कारखान्यांभोवती जॉबवर्क करणाऱ्या लहान शेडांची वस्ती दाट झाली.

१८/
१९९१ च्या उदारीकरणानंतर वाहन उद्योगाने सुट्या भागांत पूर्वीपेक्षा काटेकोर मापे मागितली. साध्या लेथवर ती शक्य होती, पण प्रत्येक नगावर नव्हे. नवा सीएनसी लेथ लहान शॉपच्या आवाक्याबाहेर होता. मोठे कारखाने जुनी यंत्रे काढू लागले, तशी ती दलालांमार्फत या शेडांत आली. फॅनुकची १९८५ साली आलेली 'झिरो' मालिका अशा पुष्कळ यंत्रांवर आढळते. यंत्र आले, त्याच्याबरोबर त्याची आठवण राखण्याची जबाबदारीही आली.

१९/
ही जबाबदारी लोखंडापासून सुरू होते. स्लाइडला तेल पोहोचवणारा पंप टाकीतले तेल ओढतो, एवढ्यावर विसंबून चालत नाही. बारीक नळ्यांच्या टोकाचे मीटरिंग व्हॉल्व्ह तुंबतात. टाकीतली पातळी कित्येक दिवस हलली नाही, तर तेल वाचले असे समजू नये. स्लाइड कोरडी चालली आहे. कोरडी स्लाइड सुरळीत न सरकता अडखळत सरकते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. मॉड्स्लेच्या स्क्रूला जे लागू होते, तेच येथेही.

२०/
मग झीज. बॉल स्क्रू दिशा बदलताना जो किंचित रिकामा फिरतो, त्याला बॅकलॅश म्हणतात. टरेटला डायल टेकवून हँडव्हीलने एका दिशेला जायचे, मग शंभरांश मिलिमीटरच्या पावलांनी उलटे यायचे आणि काटा किती पावलांनंतर हलतो ते पाहायचे. एक्स अक्षावर ०.०१ मिमी चूक म्हणजे व्यासात ०.०२ मिमी. ही झीज कंट्रोलला आकड्याने सांगता येते आणि तो ती भरून काढतो. पण ढिल्या बेअरिंगवर हा आकडा म्हणजे दुखण्यावर पांघरूण.

२१/
सकाळच्या थंड यंत्राचा पहिला नग आणि दुपारचा नग यांत फरक पडतो, कारण स्पिंडल तापते आणि लोखंड वाढते. म्हणून जाणता ऑपरेटर आधी काही वेळ स्पिंडल रिकामे फिरवतो, पहिला जॉब मोजतो, ऑफसेट देतो आणि तासाभराने पुन्हा मोजतो. हा बदल किती आणि कोणत्या दिशेने होतो, हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. ते कोणत्याही पुस्तकात नसते. त्या यंत्रापाशी वर्षे काढणाऱ्यालाच ते ठाऊक असते.

२२/
साप्ताहिक सुटीनंतर कूलंटला येणारा कुबट वास हीदेखील सूचनाच. पंप बंद असताना वर तरंगणाऱ्या तेलाच्या थराखाली हवा पोहोचत नाही आणि जिवाणू वाढतात. ते तेल काढणे, मिश्रणाचे प्रमाण तपासणे हा उपाय. विद्युत् पेटीचा दरवाजा उन्हाळ्यात उघडा ठेवण्याची सवय मात्र घातक ठरते. गारवा मिळतो, पण तेलाचे धुके आणि धातूची बारीक धूळ कार्डांवर बसते. पंखा आणि त्याची जाळी स्वच्छ ठेवणे हेच खरे.

२३/
आणि अखेर बॅटरी. 'झिरो' मालिकेत ती म्हणजे टॉर्चला लागणारे मोठे अल्कलाइन सेल, तीन. ते वर्षातून एकदा बदलावे आणि बदलताना कंट्रोल चालू असावा. बंद यंत्राचे सेल काढले तर तो क्षण स्मृतीचा शेवटचा ठरू शकतो. खंडेनवमीला शॉपमध्ये यंत्रांची पूजा होतेच. हार घालण्याआधी, यंत्र चालू असतानाच, सेल बदलण्याचा नेम ठेवला तर वर्षाचा हिशेब चुकत नाही.

२४/
तरीही स्मृती गेली तर? यंत्र बनवणाऱ्याने दिलेली पॅरामीटरची यादी पुष्कळदा विद्युत् पेटीच्या दाराच्या आत, कागदावर असते. तो कागद असेल तर एकेक आकडा पुन्हा भरता येतो. पण कागदात कारखान्यातून निघालेले यंत्र असते. नंतर बदललेले संदर्भबिंदू, झिजेची भरपाई त्यात नसते. म्हणून आरएस-२३२ केबलने पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्रॅम संगणकावर उतरवून ठेवणे आणि त्याची छापील प्रतही राखणे शहाणपणाचे. चिपची आठवण अखेर पुन्हा कागदावरच विसावते.

२५/
मॉड्स्लेपासून प्रत्येक टप्प्यावर अपेक्षा तीच होती: आता यंत्रच लक्षात ठेवील. स्क्रूने ठेवले, तो झिजला. कॅमने ठेवले, तो बदलता येईना. फीत फाटली, चिपला सेल लागला. दर वेळी आठवण हातातून निघाली आणि तिची राखण पुन्हा हातातच आली. नोबल यांनी दाखवलेली हिरावणूक कारखान्यांच्या इतिहासात खरी आहे. जुन्या यंत्रावर चालणाऱ्या छोट्या शॉपमध्ये मात्र कसब नाहीसे झाले नाही. त्याने जागा बदलली.

२६/
आज धोका आहे तो याच जागेला. या यंत्रांचा आवाज ओळखणारी पिढी निवृत्त होत आहे. कोणता अक्ष उन्हाळ्यात कसा वागतो, टरेट आदळल्यानंतर तो कोणत्या बाजूने सरळ करावा, हे तिच्या डोक्यात आहे, आणि त्या स्मृतीला राखणारा कोणताही सेल नाही. यंत्रापाशी एक वही असावी: तारीख, मोजलेला बॅकलॅश, दिलेला ऑफसेट, बदललेला भाग. कातारी गेला की काम जाई, त्या काळापासून दोनशे वर्षे पुढे येऊनही उपाय तोच आहे: जाणत्याच्या शेजारी कोणीतरी उभे राहायला हवे, आणि त्याने लिहून ठेवायला हवे.